म्हातारपणाचं ताट आणि आतड्यातली वस्ती

मोहाडीतल्या एखाद्या घरी सत्तरी ओलांडलेल्या आजीनं सकाळी नऊ वाजता वरण-भाताचा घास घेतला, तर त्या घासातला न पचलेला शेवटचा कण शरीराबाहेर पडायला एक ते तीन दिवस लागतात. जेवण वीस मिनिटांत आटोपतं. पुढचा सगळा प्रवास अंधारात चालतो. त्या प्रवासात घासाला कोण कोण भेटतं, हे गेल्या वीसेक वर्षांत शास्त्रज्ञांना नव्यानं दिसू लागलं आहे. जे दिसलं ते इतकं विलक्षण आहे, की घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या ताटाकडे आपण वेगळ्याच नजरेनं पाहू लागावं.

भंडारा जिल्ह्यातला हा तालुका वैनगंगेच्या खोऱ्यातला, धानाचा. हलका धान, भारी धान, भौगोलिक मानांकन मिळालेला सुवासिक चिन्नोर, असं इथं वर्षभराचं बोलणंच धानाभोवती फिरतं. पावसाळ्यात रोवणी लागली की घरातली धडधाकट माणसं सकाळीच बांधीत जातात. घरी राहतात लहान मुलं आणि म्हातारी माणसं. त्या दिवसांत आजी-आबाजींचं जेवण म्हणजे झाकून ठेवलेला भात, सोबत जे असेल ते, आणि तेही एकट्यानं. साधीच गोष्ट आहे, घरोघरची. पण आपल्या घासाचा प्रवास समजून घेतला, तर या साध्या गोष्टीचं मोल कळतं. तेव्हा त्या घासाबरोबरच निघू या.

तोंड आणि जठर

तोंडात आधी लाळ भेटते. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला साधारण एक लिटर लाळ तयार होते. तिच्यातलं अमायलेझ नावाचं विकर भातातल्या स्टार्चच्या लांब साखळ्या तिथंच तोडायला लागतं. म्हणून भात सावकाश चावला की गोडसर लागतो. म्हातारपणी ही सोय उणावते. दाढा गेलेल्या असतात, कवळी टोचते, आणि नैराश्य, ॲलर्जी, लघवीच्या तक्रारी यांवरच्या कित्येक गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं.

मग घरचे प्रेमानं ठरवतात, की आजीला मऊ द्यायचं. मऊ देणं योग्यच आहे. पण रोजच्या धबडग्यात हे मऊ जेवण पातळ वरण, गरगट भात आणि चहात बुडवलेलं बिस्कीट एवढ्यावर येऊन थांबतं. भाजी चावत नाही म्हणून गेली, भाकर घशात अडकते म्हणून गेली, उसळीनं पोट फुगतं म्हणून गेली, पेरू-बोरं दातांपायी गेली. कुणी मुद्दाम काही केलेलं नसतं, तरी ताट अरुंद होत जातं. त्याचा परिणाम कुठं उमटतो, ते मोठ्या आतड्यापाशी पोचल्यावर दिसेल.

घास जठरात उतरतो. इथलं आम्ल इतकं तीव्र असतं की अन्नाबरोबर आलेले बहुतेक जंतू त्यात मरतात. वय वाढतं तसं पुष्कळांच्या जठराचं अस्तर विरळ होतं आणि आम्ल कमी पडतं. ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं सुरू असतील, तर आणखी कमी. याचा फटका बी-१२ या जीवनसत्त्वाला बसतो. अन्नातल्या प्रथिनांना चिकटलेलं बी-१२ सुटं करायला आम्ल लागतं, मग जठरातच तयार होणारं एक प्रथिन त्याला धरून लहान आतड्याच्या शेवटच्या टोकापर्यंत नेतं आणि तिथं ते रक्तात शिरतं. मधुमेहाच्या मेटफॉर्मिन या गोळीनंही त्याचं शोषण कमी होऊ शकतं. यकृतात बी-१२चा साठा काही वर्षं पुरेल इतका असतो, त्यामुळे तूट चटकन लक्षात येत नाही. पायांना मुंग्या, चालताना तोल जाणं, विसराळूपणा अशा वाटेनं ती हळूच पुढे येते आणि घरचे म्हणतात, वयच झालं. एका साध्या रक्तचाचणीनं आणि गोळी-इंजेक्शननं भरून निघणारी ही तूट आहे. वयाच्या नावावर ती खपून जाऊ नये.

आठवड्याहून तरुण अस्तर

पुढे लहान आतडं. लांबी सुमारे सहा मीटर. आतून त्याला घड्या, घड्यांवर केसांसारखे उंचवटे, त्या उंचवट्यांवरच्या प्रत्येक पेशीला आणखी सूक्ष्म झालर. हे सगळं उलगडून पसरलं तर तीसेक चौरस मीटर जागा व्यापेल, असं स्वीडनमधल्या संशोधकांनी मोजलं आहे. भाताची साखर, डाळीची प्रथिनं, जवसाचं तेल हे सगळं याच पृष्ठभागावरून रक्तात जातं.

यातली खरी थक्क करणारी गोष्ट वयाची आहे. हे अस्तर दर तीन ते पाच दिवसांनी जवळजवळ पूर्ण नवं होतं. उंचवट्यांच्या पायथ्याशी खोल खोबणी असतात. त्यांच्या तळाशी बसलेल्या मूळ पेशी सतत विभागत राहतात. नव्या पेशी वर सरकत जातात, टोकाशी पोचतात, गळून पडतात. नेदरलँड्सच्या हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेनं २००७ मध्ये या मूळ पेशी नेमक्या कोणत्या, ते दाखवून दिलं. म्हणजे पंच्याहत्तर वर्षांच्या आबाजींच्या गुडघ्यातली कूर्चा पंच्याहत्तर वर्षांची असली, तरी त्यांच्या आतड्याचं अस्तर आठवड्याचंही जुनं नसतं. इतक्या उतारवयातही शरीर रोज इथं नवं बांधकाम काढतं, आणि त्या बांधकामाला माल लागतो तो ताटातूनच.

वस्ती

लहान आतड्यात जे पचलं नाही ते मोठ्या आतड्यात येतं. कोंडा, डाळीचं साल, भाजीचे धागे, भातातला थोडा चिवट स्टार्च. आपल्या स्वतःच्या विकरांना यांचं काही करता येत नाही. इथंच घासाची गाठ एका अफाट वस्तीशी पडते.

इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या रॉन मायलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये हिशेब मांडला, की सर्वसाधारण माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात आणि स्वतःच्या पेशी ३० लाख कोटी. यातले बहुतेक सगळे जिवाणू मोठ्या आतड्यात राहतात, आणि सगळ्यांचं मिळून वजन जेमतेम दोनशे ग्रॅम भरतं. पावशेराहून कमी वजनाच्या या वस्तीत शेकडो जाती नांदतात. प्रत्येकीचं खाणं वेगळं. कुणाला डाळीतल्या साखरेच्या साखळ्या हव्यात, कुणाला फळातलं पेक्टिन, कुणाला कोंडा. कुणी दुसऱ्या जिवाणूनं टाकून दिलेल्यावर जगतं.

हे जिवाणू तंतूंना आंबवतात आणि त्यातून काही लहान आम्लं तयार होतात. त्यातलं ब्युटिरेट जरा जवळून पाहू. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी आपली बहुतेक ऊर्जा या ब्युटिरेटमधूनच घेतात. शरीरातल्या बाकीच्या पेशींना रक्तातून साखर पोचते, या पेशी मात्र शेजारच्या जिवाणूंच्या हातचं खातात. ब्युटिरेट जाळताना त्या प्राणवायू वापरून टाकतात, त्यामुळे आतड्याच्या पोकळीत प्राणवायू जवळजवळ उरत नाही. आणि ब्युटिरेट तयार करणाऱ्या जिवाणूंना नेमकी हीच प्राणवायूरहित जागा लागते. पेशी जिवाणूंसाठी घर राखते, जिवाणू पेशीसाठी जेवण रांधतात. हे देणंघेणं नीट चाललं तर अस्तर घट्ट राहतं, त्यावरचा चिकट श्लेष्माचा थर जाड राहतो आणि त्रासदायक जंतूंना शिरकाव मिळत नाही.

तंतू येणं थांबलं तर काय होतं? २०१६ मध्ये उंदरांवर झालेल्या एका गाजलेल्या प्रयोगात त्याचं उत्तर मिळालं. तंतू न मिळालेल्या उंदरांच्या आतड्यातले काही जिवाणू भुकेपोटी तो संरक्षक श्लेष्माच खाऊ लागले. थर झिजला आणि रोगजंतूंना अस्तरापर्यंत वाट मिळाली. वस्ती उपाशी राहिली की ती घरच कुरतडू लागते.

आतड्यापासून मेंदूपर्यंत

आतड्याच्या भिंतीत कोट्यवधी चेतापेशी विणलेल्या असतात. त्यांच्या जोरावर आतडं मेंदूच्या हुकमाची वाट न पाहता घास पुढे ढकलत राहतं. शरीरातलं नव्वद टक्क्यांहून अधिक सेरोटोनिन आतड्यात तयार होतं, आणि ते तिथल्या हालचालीला चालना देतं. आतडं आणि मेंदू यांना जोडणारी व्हेगस नावाची मोठी नस आहे. तिच्यातले बहुतेक तंतू खालून वर, म्हणजे आतड्याकडून मेंदूकडे निरोप नेतात.

वृद्धांच्या बाबतीत या जोडणीला फार मोठा अर्थ आहे. जेम्स पार्किन्सन या इंग्रज डॉक्टरनं १८१७ मध्ये कंपवाताचं पहिलं सविस्तर वर्णन लिहिलं, त्यातच त्यानं रुग्णांच्या सुस्त आतड्यांची नोंद केली होती. जवळपास दोन शतकांनी, २००१ मध्ये, हवाई बेटांवरच्या सुमारे ६,८०० पुरुषांची २४ वर्षं ठेवलेली नोंद प्रसिद्ध झाली. ज्यांना रोज एकदाही शौचाला होत नसे, त्यांना पुढे कंपवात होण्याचं प्रमाण रोज एकदा होणाऱ्यांच्या अडीचपटीहून जास्त निघालं. हाताचा कंप दिसायच्या कित्येक वर्षं आधी आतडं सुस्तावलेलं असू शकतं. बद्धकोष्ठ म्हातारपणी इतकं सर्रास असतं की त्यातल्या बहुसंख्यांना कंपवात कधीच होत नाही, तेव्हा कुणी घाबरून जाऊ नये. पण पोटाची तक्रार ऐकून सोडून देण्याजोगी नसते, एवढं यातून नक्की कळतं.

आधी ताट बदलतं, मग वस्ती

वयाबरोबर शरीरात एक मंद, धुमसती दाहकता वाढते. इटलीचे क्लॉडिओ फ्रान्चेस्की यांनी २००० मध्ये तिच्याकडे लक्ष वेधलं. स्नायू झडणं, धमन्या कडक होणं, अशक्तपणा या सगळ्यांत तिचा हात असतो. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात २०१७ मध्ये दिसलं, की पूर्ण जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांमध्ये ही वयाची दाहकता वाढतच नाही. म्हाताऱ्या उंदरांचे जिवाणू त्यांच्यात सोडले की वाढते. म्हणजे म्हातारपणाच्या धगीचा एक स्रोत आतड्यातल्या बिघडलेल्या वस्तीत आहे.

मग वस्ती बिघडते कशानं? वयानं की आणखी कशानं? आयर्लंडमधल्या कॉर्क परिसरात १७८ वृद्धांचा अभ्यास झाला आणि तो २०१२ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. काही वृद्ध आपापल्या घरी राहणारे, काही कायमच्या देखभाल केंद्रात राहणारे. घरी राहणाऱ्यांच्या आतड्यातली वस्ती विविध होती. केंद्रातल्यांची ठरावीक जातींवर आलेली, आणि त्यांच्यात अशक्तपणा नि दाहकता जास्त. पण सगळ्यात महत्त्वाचा धागा वेळेचा होता. केंद्रात आल्यावर महिन्याभरात माणसाचं जेवण बदलून एकसुरी होत होतं, वस्ती मात्र तशी व्हायला वर्षभर लागत होतं. आधी ताट अरुंद झालं, वस्ती मागाहून.

आजीच्या मऊ ताटाचा अर्थ इथं लागतो. वस्तीतल्या प्रत्येक जातीचं खाणं वेगळं आहे. ताटातून उसळ गेली की उसळीवर जगणारी जात ओसरते, पालेभाजी गेली की तिच्यावरची. ब्युटिरेट तयार करणाऱ्यांची संख्या घटते, अस्तराचा पोशिंदा जातो. त्या मागोमाग येणारा अशक्तपणा आपण वयाच्या खात्यावर मांडतो. त्यातला एक भाग ताटाच्या खात्यावर आहे.

आपल्याकडे याची एक सुंदर पडताळणी पुण्यात झाली. योगेश शौचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातली दोन निरोगी एकत्र कुटुंबं निवडली आणि प्रत्येकातल्या तीन पिढ्यांमधली एकेक व्यक्ती घेतली. एकच छत, एकच चूल, एकच पाणी. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसलं, की एवढं सगळं सामायिक असूनही जिवाणूंच्या दोन मोठ्या गटांचं आपसातलं प्रमाण वयानुसार बदलत जातं. नमुना लहान होता, पण कल्पना खास इथली होती. तीन पिढ्या एका पंगतीला बसतात ही आपल्याकडची रोजची गोष्ट शास्त्रज्ञांसाठी एक दुर्मीळ संधी ठरली. वय आपला ठसा उमटवतंच. ताट आपल्या हातात आहे.

म्हातारपण म्हणजे फक्त ऱ्हास, असंही नाही. जपानच्या केइओ विद्यापीठातल्या केन्या होंडा यांच्या गटानं २०२१ मध्ये शंभरी ओलांडलेल्या १६० लोकांचा अभ्यास मांडला. सरासरी वय १०७. त्यांच्या आतड्यात असे जिवाणू विपुल होते, जे पित्तरसातून एक खास आम्ल तयार करतात. ते आम्ल ‘क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिल’ या जंतूला मारतं. अँटिबायोटिक घेतल्यावर वृद्धांना जुलाबांनी बेजार करणारा, प्रसंगी जीव घेणारा हाच तो जंतू. शंभरीतल्या माणसांच्या पोटात त्याच्यावरचा पहारेकरी बसलेला होता.

म्हणूनच ताप-सर्दीला औषधाच्या दुकानातून परस्पर अँटिबायोटिक आणून आबाजींना देणं धोक्याचं आहे. डॉक्टरांनी दिलं तर ते अवश्य घ्यावं, पूर्ण घ्यावं. पण विषाणूच्या सर्दीवर त्याचा उपयोग शून्य, आणि वस्तीचं नुकसान मात्र पुरेपूर.

मोहाडीच्या चुलीवर

अमेरिकेत हजारो लोकांच्या आतड्यातले जिवाणू तपासणारा एक मोठा प्रकल्प झाला. त्याच्या २०१८ च्या निष्कर्षांत दिसलं, की जे लोक आठवड्यात तीसहून अधिक प्रकारच्या वनस्पती खातात, त्यांची वस्ती दहा किंवा त्याहून कमी प्रकार खाणाऱ्यांपेक्षा विविध असते. तीस हा आकडा मोठा वाटतो. पण विदर्भात महालक्ष्म्यांच्या दिवशी सोळा भाज्या एकत्र करून नैवेद्याला ठेवतात, म्हणजे निम्म्याहून अधिक वाट एका वाटीतच सरते. भात, ज्वारी, गहू, तूर, मूग, हरभरा, वाटाणा, वाल, जवस, तीळ, लसूण, जिरं, धणे, कढीपत्ता मोजा, आकडा जवळ येतो. पावसाळ्यात तर रान स्वतःच वाढायला येतं: तरोटा, काटवल, वास्ते, सात्या, धोप्याची पानं. उन्हाळ्यात चिवळ, हिवाळ्यात अंबाडी नि शेंगा. रानातली भाजी मात्र ओळखणाऱ्या माणसानंच आणलेली असावी. धानाच्या बांधीत उतेऱ्यावर येणारी लाखोळी चवीला छान, पण ती अधूनमधून, मिसळून खावी. एकट्या लाखोळीवर महिनोन् महिने राहिलं तर पायांच्या नसांना बाधते.

मऊपणा आणि विविधता यांचं वैर नाही. तरोट्याची भाजी बारीक चिरून डाळीत शिजवली की दात नसतानाही खाता येते. मुगाची उसळ मोडून पातळ करता येते. भाकर ताकात कुस्करता येते. पेरूचा गर बिया काढून चमच्यानं देता येतो. जवसाची चटणी तर दळलेलीच असते, आणि ते फार बरं, कारण जवसाचा अख्खा दाणा न पचता तसाच बाहेर पडतो. तंतू मात्र एकदम वाढवू नयेत. आठवड्याला थोडं थोडं, आणि त्याबरोबर पाणी. पाण्याविना तंतू वाढले तर बद्धकोष्ठ उलट बळावतं.

आंबील हा इथला जुना ठेवा. ज्वारीचं पीठ रात्री ताकात किंवा पाण्यात भिजवायचं, सकाळपर्यंत ते आंबतं, मग पाणी घालून मीठ-लसणासह शिजवायचं. उकळताना जिवाणू मरतात, पण आंबण्यातून आलेली आम्लं आणि ज्वारीचे तंतू राहतात, आणि गिळायला त्रास होणाऱ्या माणसालाही ती घोट घोट घेता येते. जिवंत जिवाणू हवे असतील तर घरचं ताजं ताक आहेच. मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाला १९०८ मध्ये नोबेल मिळालं ते वेगळ्या कामासाठी, पण त्याच सुमारास तो सांगत होता, की म्हातारपणाची मुळं मोठ्या आतड्यात आहेत आणि दह्यातले जिवाणू त्यावर उपयोगी पडतील. त्याचं सगळंच खरं ठरलं नाही. दह्यातले बहुतेक जिवाणू आतड्यात कायमचे राहत नाहीत, वाटसरूंसारखे पुढे जातात. तरी स्टॅनफर्डच्या २०२१ च्या प्रयोगात दहा आठवडे रोज आंबवलेले पदार्थ खाणाऱ्या निरोगी प्रौढांची वस्ती अधिक विविध झाली आणि रक्तातल्या दाहकतेच्या खुणा घटल्या.

आता भाताचं. गरम भातात स्टार्चच्या साखळ्या सुट्या, मोकळ्या असतात. भात गार झाला की त्यातल्या काही पुन्हा एकमेकींना घट्ट बिलगतात, आणि लहान आतड्यातल्या विकरांना त्या तोडता येत नाहीत. तो चिवट स्टार्च तसाच मोठ्या आतड्यात पोचतो आणि वस्तीचं जेवण होतो. शेजारच्या छत्तीसगडातली बासी, ओडिशातला पखाळ हे पाण्यातल्या भाताचे प्रकार शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या खात आले आहेत. पण म्हाताऱ्या माणसासाठी इथं एक पथ्य कडक पाळावं लागतं. भातात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात; ते शिजवण्यानं मरत नाहीत, आणि उकाड्यात भात तासन्‌तास उघड्यावर राहिला की वाढून विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम केल्यानंही जात नाही. भात शिजल्यावर पसरून लवकर गार करावा, तासा-दोन तासांत फ्रिजमध्ये ठेवावा, दुसऱ्या दिवशी संपवावा. फ्रिज नसेल तर आजीला ताजाच द्यावा. रोवणीच्या दिवसांत सकाळी झाकून ठेवलेला भात दुपारी उशिरा खाल्ला जातो, तेव्हा हे विशेष ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

देखभाल करणाऱ्याच्या हाती

म्हातारपणी तहानेची जाणीवच मंदावते. शिवाय पुष्कळ आजी मुद्दाम कमी पाणी पितात, कारण रात्री उठून अंगणापलीकडच्या संडासापर्यंत जायची भीती वाटते. अशा वेळी पाणी प्या म्हणून बजावण्यापेक्षा वाटेत दिवा लावणं, भिंतीला धरायला दांडा बसवणं आणि दिवसा उजेडी थोडं थोडं पाणी हातात देणं जास्त कामी येतं. हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर पाण्याचं प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावं.

सकाळी काही पोटात गेलं की मोठं आतडं आपोआप जोर धरतं. म्हणून न्याहरीनंतर दहा-पंधरा मिनिटं शांतपणे बसू द्यावं, घाई करू नये. गुडघ्यांमुळे कमोड वापरत असतील तर पायांखाली वीतभर उंचीचा पाट ठेवावा. गुडघे वर आले की गुदद्वाराजवळचा आवळून धरणारा स्नायू सैलावतो आणि मार्ग सरळ होतो. उकिडवं बसण्याचा फायदा खुर्चीवरही मिळतो. रोज अंगणात थोडं चालणं आतड्यालाही चालतं करतं. लोहाच्या गोळ्या, कॅल्शियम, रक्तदाबाची काही औषधं, कोडीनसारखी वेदनाशामकं यांनी पोट घट्ट होऊ शकतं. गोळ्या आपल्या मनानं बंद करू नयेत, पण सगळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर मांडाव्यात.

दोन गोष्टी फसव्या असतात, त्या प्रत्येक घरात माहीत असाव्यात. बरेच दिवस पोट साफ झालेलं नसताना अचानक पातळ जुलाब सुरू झाले, तर ती हगवण नसून खडा अडकून त्याच्या कडेनं झिरपणारं पाणी असू शकतं. अशा वेळी जुलाब थांबवायची गोळी दिली तर घात होतो. आणि कालपर्यंत नीट बोलणारे आबाजी आज एकदम असंबद्ध बोलू लागले, ओळखेनासे झाले, तर त्याचं कारण कधी कधी तुंबलेलं पोट किंवा अडलेली लघवी असतं. दोन्ही वेळा डॉक्टर गाठावा. शौचातून रक्त, काळी डांबरासारखी शौच, कारण नसताना वजन घटणं, पन्नाशीनंतर शौचाची सवय अचानक बदलणं, पोट फुगून उलट्या होणं, यांतलं काही दिसलं तर घरगुती उपायांत दिवस घालवू नये. आशाताईंना सांगावं, तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात न्यावं, गरज पडली तर भंडाऱ्याला.

यातलं काहीच कळणार नाही, जर कुणी विचारलंच नाही तर. सासूला, वडिलांना शौचाबद्दल विचारायला संकोच वाटतो, आणि सांगायला त्यांना त्याहून जास्त. पण जेवलात का, हे आपण जितक्या सहज विचारतो, तितक्याच सहज पोट साफ झालं का, हेही विचारता यायला हवं. आणि जेवताना सोबत बसायला हवं. एकटं माणूस दोन घासांत उरकतं; पंगतीला बसलेलं माणूस भाजी मागून घेतं.

आता उशीर झाला, असं वाटत असेल तर दोन प्रयोग सांगते. युरोपातल्या पाच देशांत ६५ ते ७९ वयाच्या ६१२ लोकांच्या आहाराचा अभ्यास झाला. त्यांच्यापैकी ज्यांनी वर्षभर भाज्या, डाळी, फळं, अख्खी धान्यं, मासे असा आहार जितका नेटानं पाळला, तितके त्यांच्यात उपयोगी जिवाणू वाढले, अशक्तपणाच्या खुणा कमी झाल्या आणि दाहकता उतरली. निष्कर्ष २०२० मध्ये आले. लंडनच्या किंग्ज कॉलेजनं साठीपुढच्या जुळ्या भावंडांच्या ३६ जोड्या घेतल्या. जोडीतल्या एकाला बारा आठवडे रोज तंतूंची पूड, दुसऱ्याला नुसतीच दिसायला तशी पूड. २०२४ मध्ये कळलं, की तंतू घेणाऱ्यांच्या स्नायूंच्या ताकदीत फरक पडला नाही, पण स्मरणाच्या चाचणीत ते पुढे होते. तीन महिन्यांत.

डाळी, पालेभाज्या, तलावातली मासळी, ज्वारी, जवस. युरोपात वर्षभर शिकवून द्यावं लागलं ते मोहाडीच्या बाजारात आठवड्याला येतं. सत्तरीतही आतड्याचं अस्तर दर आठवड्याला नवं होतं आणि आतली वस्ती वर्षभरात बदलू शकते. तेव्हा उद्या आजीचं ताट वाढताना भात-वरणाच्या शेजारी एक मऊ शिजवलेली भाजी, एक मोडलेली उसळ आणि ताकाची वाटी ठेवा, आणि परवा त्यातली भाजी बदला.